घर हरवलेल्या संघाची दुसरी खेळी
अणुवीज केंद्राच्या सावलीत घडलेल्या जपानी महिला फुटबॉल क्लबची कहाणी

फुटबॉलचा संघ म्हटला की डोळ्यांसमोर मोठे मैदान, रंगीत जर्सी, टाळ्या आणि पैसा येतो. पण जगात असाही एक महिला संघ होता, ज्याच्या खेळाडू सकाळी अणुवीज केंद्राच्या ऑफिसात फायली सांभाळायच्या आणि दुपारनंतर बूट चढवून मैदानात उतरायच्या. एका दुपारी जमीन हादरली, समुद्र गावात शिरला. काही दिवसांतच या मुलींचे मैदान, नोकरीचे ठिकाण, राहते घर आणि संघ असे चारही आधार गेले. तरीही पुढच्याच वर्षी त्या दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने उभ्या राहिल्या. पुढे जपानच्या व्यावसायिक महिला फुटबॉलमध्ये 'मायनावी सेंदाई लेडीज' या नावाने ओळखला गेलेला क्लब तो हाच.

ही कहाणी केवळ खेळाची नाही. मुलींचे कौतुक करणारे खूप असतात, पण त्यांच्या मेहनतीला कायमचा आधार कोण देतो, हा प्रश्न तिच्यात आहे. म्हणून ती आपल्या घराघरांत वाचली जावी असे वाटते.

चेन बनवणाऱ्या कंपनीचा संघ

आपल्या पँटच्या किंवा बॅगेच्या चेनवर बारकाईने पाहिले, तर पुष्कळदा 'वायकेके' अशी तीन अक्षरे कोरलेली दिसतात. ही जपानी कंपनी. तिचा एक कारखाना जपानच्या ईशान्य भागात, मियागी प्रांतात आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या कारखान्याचा महिला फुटबॉल संघ सुरू झाला. आपल्या कहाणीचा उगम तिथे आहे.

जपानमध्ये त्या काळी महिला फुटबॉल असाच चालत असे. १९८९ साली सहा संघ घेऊन महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. बहुतेक संघ कंपन्यांचे. देशात पैसा खेळता होता, कंपन्या हौसेने संघ पोसत होत्या, परदेशी खेळाडूही येत होत्या. मग मंदी आली. खर्च कमी करायचा म्हटल्यावर कंपन्यांची कात्री सर्वांत आधी कुठे चालली असेल? निक्को सिक्युरिटीज या वित्तसंस्थेच्या महिला संघाने १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली होती. तीन वेळा विजेता ठरलेला हा संघही कंपनीने बंद करून टाकला. पाठोपाठ आणखी संघ मिटले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकसाठी जपानच्या महिला पात्रसुद्धा ठरल्या नाहीत. लोकांना वाटले, आता हा खेळ संपला.

वायकेकेचा संघही या फेऱ्यातून सुटला नाही. पण तो मोडण्याऐवजी दुसऱ्या मालकाकडे गेला. २००४-०५ च्या सुमारास तोक्यो विद्युत कंपनीने, म्हणजे टेप्कोने, तो आपल्याकडे घेतला आणि त्याचे नाव 'मारीझे' ठेवले. खेळाडू मियागीतून शेजारच्या फुकुशिमा प्रांतात राहायला गेल्या.

केंद्राजवळचे हिरवे मैदान

फुकुशिमात टेप्कोची दोन अणुवीज केंद्रे होती. तिथली वीज जायची ती प्रामुख्याने तोक्यो आणि त्याच्या परिसरात. या प्रांताला काहीतरी परत द्यावे म्हणून कंपनीने नाराहा आणि हिरोनो या गावांच्या हद्दीत 'जे-व्हिलेज' नावाचे मोठे फुटबॉल केंद्र बांधले आणि प्रांताच्या सरकारकडे सोपवले. ते १९९७ मध्ये सुरू झाले. हिरवळीची अनेक मैदाने, राहण्याची सोय, प्रशिक्षण केंद्र असा थाट होता. जपानचा राष्ट्रीय संघही इथे सराव करायचा. फुकुशिमा दाईइची या केंद्रापासून हे ठिकाण साधारण २० किलोमीटर दक्षिणेला आहे.

मारीझेच्या मुलींचे हेच मैदान. त्यांना फुटबॉल खेळण्याचा वेगळा पगार नव्हता. त्या कंपनीच्या कर्मचारी होत्या. अर्धा दिवस ऑफिसचे काम, अर्धा दिवस सराव. काही जणींचे टेबल थेट दाईइची केंद्राच्या ऑफिसात होते. करिना मारुयामा ही आघाडीची खेळाडू काही वर्षे तिथे नोकरी करत होती. सेंदाईच्या तोकिवागी गाकुएन या शाळेतून आलेली बचावपटू आया सामेशिमाही तिथलीच कर्मचारी.

बाहेरून पाहता ही व्यवस्था सुखाची होती. नोकरी पक्की, मैदान उत्तम, गावात मान. मुलगी खेळते म्हणून घरच्यांना तिच्या रोजीरोटीची काळजी नाही. पण सगळा डोलारा एकाच खांबावर उभा होता आणि तो खांब म्हणजे कंपनी.

११ मार्च २०११

त्या दिवशी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ समुद्राखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. सुमारे १६ हजार माणसे मरण पावली आणि अडीच हजारांच्या आसपास बेपत्ता झाली. सर्वाधिक जीव गेले ते मियागी प्रांतात, जिथे या संघाचा जन्म झाला होता. लाटांचे पाणी दाईइची केंद्रात शिरले, वीजपुरवठा तुटला, अणुभट्ट्या थंड ठेवता आल्या नाहीत आणि किरणोत्सर्ग बाहेर पडला. २० किलोमीटरच्या परिघातील गावे रिकामी करण्यात आली.

मारीझेचा संघ त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर, दक्षिणेकडील मियाझाकीमध्ये सराव शिबिरात होता. जीव वाचले. पण परतायचे कुठे? घरे बंद प्रदेशात गेली. जे-व्हिलेजचा ताबा आपत्तीशी लढणाऱ्यांकडे गेला. पांढरे संरक्षक पोशाख घातलेले कामगार तिथून केंद्राकडे जायचे आणि तिथेच परतायचे. हिरवळीवर खडी टाकून गाड्या उभ्या करण्यात आल्या. मुख्य मैदानात कामगारांसाठी तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या.

संघाचे काय झाले हे वेगळे सांगायला नको. ज्या कंपनीच्या केंद्रामुळे हजारो कुटुंबे बेघर झाली, तिने फुटबॉल संघ चालवत राहणे कोणालाच पटले नसते. मारीझेने लीगमधून माघार घेतली, संघ थांबला. मुलींचा दोष काहीच नव्हता. पण ज्या नावाची जर्सी त्यांनी अभिमानाने घातली, ते नाव आता देशभर संतापाने घेतले जात होते. आपल्याच शेजाऱ्यांना, आपल्याच सहकाऱ्यांना उघड्यावर आलेले पाहून खेळाचे नाव तरी कसे काढायचे, ही घुसमट वेगळीच होती.

आपल्या कोकणातील वाचकांना फुकुशिमा हे नाव परके नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पावरून त्याच दिवसांत वातावरण तापलेले होते. साखरी नाटेची मच्छीमार वस्ती त्या विरोधात पुढे होती. एप्रिल २०११ मध्ये नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. समुद्रावर पोट असलेल्या त्या घरांतून जपानच्या बातम्या किती लक्षपूर्वक पाहिल्या जात असतील, याची कल्पना आपण करू शकतो.

१०८ वे मिनिट

भूकंपाला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा जर्मनीत महिलांचा विश्वचषक सुरू झाला. जपानच्या महिला संघाला 'नादेशिको' म्हणतात. नादेशिको हे एका नाजूक गुलाबी फुलाचे नाव आहे, आणि जपानमध्ये आदर्श स्त्रीला त्याची उपमा देतात. या फुलांकडून कोणी फार अपेक्षा ठेवली नव्हती. गटात त्यांनी न्यूझीलंड आणि मेक्सिकोला हरवले, पण इंग्लंडकडून त्या हरल्या. उपउपांत्य फेरीत समोर आली ती यजमान जर्मनी. हा संघ आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेला आणि घरच्या प्रेक्षकांसमोर खेळणारा.

सामन्याआधी प्रशिक्षक नोरिओ सासाकी यांनी खेळाडूंना डावपेचांबरोबर आणखी काही दाखवले. ती त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या गावांची दृश्ये होती. आपण कोणासाठी खेळतो आहोत, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

९ जुलै २०११, वोल्फ्सबुर्ग. नव्वद मिनिटे गोल झाला नाही. जादा वेळेत, १०८ व्या मिनिटाला कर्णधार होमारे सावाने बचावफळीच्या मागे चेंडू टाकला. त्यावर धाव घेऊन अवघड कोनातून गोल मारला तो बदली खेळाडू म्हणून आलेल्या करिना मारुयामाने. हीच ती दाईइची केंद्राच्या ऑफिसात काम केलेली मुलगी. जर्मनी बाहेर पडली.

पुढे उपांत्य फेरीत स्वीडन ३-१ ने हरले. १७ जुलैला फ्रँकफर्टमध्ये अंतिम सामना अमेरिकेशी होता. त्याआधी जपानने अमेरिकेला एकदाही हरवले नव्हते. जपान दोनदा मागे पडले आणि दोन्ही वेळा बरोबरीत आले. दुसरी बरोबरी सावाने ११७ व्या मिनिटाला साधली. पेनल्टीत जपान ३-१ ने जिंकले. शेवटची निर्णायक पेनल्टी मारली ती साकी कुमागाईने. तीही सेंदाईच्या त्याच तोकिवागी गाकुएन शाळेची विद्यार्थिनी, जिथून सामेशिमा आली होती. सामेशिमाही या विश्वविजेत्या संघात होती. आपला क्लब बंद पडल्यावर ती अमेरिकेतील बोस्टनच्या संघाकडे गेली होती.

सावाने स्पर्धेत सर्वाधिक ५ गोल केले आणि सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला. आशियातील कोणत्याही देशाने, पुरुष किंवा महिला, मोठ्या गटाचा फुटबॉल विश्वचषक जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

संघ मियागीत परतला

विजयाच्या मिरवणुका झाल्या, पण मारीझेच्या मुलींना संघ नव्हताच. तेव्हा पुढे आला तो सेंदाईचा 'वेगाल्टा' हा पुरुषांचा व्यावसायिक क्लब. सेंदाई ही मियागीची राजधानी आणि आपत्तीने होरपळलेला भाग. वेगाल्टा हे नाव तिथल्या तानाबाता उत्सवावरून आले आहे. आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट झालेले दोन तारे वर्षातून एकदा भेटतात, अशी त्या उत्सवामागची लोककथा. वेगा आणि अल्टेर या त्या ताऱ्यांच्या नावांतून क्लबचे नाव बनले.

२०१२ मध्ये 'वेगाल्टा सेंदाई लेडीज' उभा राहिला. मारीझेच्या अनेक खेळाडू त्यात आल्या, सामेशिमाही परतली. संघाला दुसऱ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. त्यांनी पहिल्याच वर्षी ती लीग जिंकली आणि २०१३ मध्ये वरच्या श्रेणीत प्रवेश केला. मियागीच्या कारखान्यात सुरू झालेला संघ फुकुशिमाचा वळसा घालून पुन्हा मियागीत आला होता.

२०१७ पासून मायनावी ही नोकरीविषयक माहिती देणारी कंपनी क्लबची मुख्य पुरस्कर्ती झाली. २०२१ मध्ये तिने क्लबची सूत्रे आपल्याकडे घेतली आणि 'मायनावी सेंदाई लेडीज' हे नाव आले. त्याच वर्षी जपानच्या महिला फुटबॉलमध्ये मोठा बदल घडला.

'वुई लीग' म्हणजे काय?

विश्वचषक जिंकून दहा वर्षे झाली, तरी जपानमधील बहुसंख्य महिला खेळाडू अजूनही दुसरी नोकरी करून खेळत होत्या. कोणी दुकानात, कोणी ऑफिसात. १२ सप्टेंबर २०२१ रोजी महिलांची पहिली पूर्ण व्यावसायिक लीग सुरू झाली. तिचे नाव वुई लीग, म्हणजे महिला सक्षमीकरणाची लीग. सेंदाईसह ११ क्लब त्यात होते.

या लीगच्या पहिल्या अध्यक्षा होत्या किकुको ओकाजिमा. जपानच्या पहिल्यावहिल्या महिला राष्ट्रीय संघातून त्या खेळल्या होत्या. पुढे त्यांनी अमेरिकेत वित्त क्षेत्रात दीर्घकाळ नोकरी केली. खेळाचा ध्यास आणि पैशाचा हिशेब, दोन्ही जाणणारी बाई प्रमुखपदी आल्याने नियमही तसेच झाले.

प्रत्येक क्लबने किमान १५ खेळाडूंशी व्यावसायिक करार केलाच पाहिजे. वर्षाला किमान २७ लाख येन, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १८ लाख रुपये पगार दिला पाहिजे. जपानच्या महागाईत ही रक्कम मोठी नाही, पण दुसरी नोकरी न करता खेळता येईल एवढी आहे. क्लबच्या कर्मचाऱ्यांत निम्म्या महिला असाव्यात आणि निर्णय घेणाऱ्यांत किमान एक तरी महिला असावी, हेही ठरले. लहान मुलांच्या सांभाळाच्या सोयीचाही विचार झाला.

मुलांचा विषय कागदावरच राहिला नाही. २०११ च्या विश्वविजेत्या संघातील बचावपटू अझुसा इवाशिमिझू २०२० मध्ये आई झाली होती. आई झाल्यावर खेळ सोडायचा, ही जपानमधली रूढ वाट. ती मात्र तोक्योच्या आपल्या क्लबकडे परतली आणि लीगच्या पहिल्या सामन्यात मुलाला कडेवर घेऊन मैदानात आली.

आणखी एक गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे. क्लब ११ असल्यामुळे प्रत्येक फेरीत एकाला सामना नसायचा. तो दिवस सुट्टीचा न धरता समाजकार्याचा ठरवला गेला. ज्यांचा सामना नाही, त्या खेळाडूंनी शाळांत, वस्त्यांत जाऊन मुलांना आणि मुलींना भेटायचे.

सगळेच गोड आहे असे नाही. प्रत्येक सामन्याला सरासरी ५ हजार प्रेक्षक यावेत असे लीगचे लक्ष्य होते. पहिल्या हंगामात सरासरी दीड हजाराच्या आसपासच राहिली. उत्तम खेळाडू जास्त पगारासाठी युरोप आणि अमेरिकेची वाट धरतात. तिकिटांतून खर्च निघत नाही, म्हणून क्लब अजूनही मोठ्या कंपन्यांच्या मदतीवर उभे आहेत. मारीझेला ज्याने बुडवले, तो धोका पूर्ण टळलेला नाही. पण आता खेळाडूच्या हातात करार आहे आणि संपूर्ण लीगने मान्य केलेले नियम आहेत. कंपनीची मेहेरबानी आणि खेळाडूचा हक्क यांत फरक असतो, तो हाच.

सेंदाईची खेळाडू नवी मुंबईत

या क्लबचा आपल्या महाराष्ट्राशी एक छोटासा धागा आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरली होती. जपानचे गटसामने पुण्याच्या बालेवाडीत झाले. करोनाच्या निर्बंधांमुळे फार गाजावाजा झाला नाही. भारतीय संघात तर इतका संसर्ग पसरला की खेळाडू पुरेशा न उरल्याने यजमानांनाच बाहेर पडावे लागले. ३० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर जपानने थायलंडचा ७-० ने धुव्वा उडवला. त्यातला एक गोल हिनाता मियाझावाचा होता. ती तेव्हा मायनावी सेंदाईची खेळाडू होती.

दीड वर्षाने, २०२३ च्या विश्वचषकात तिचे नाव जगभर गेले. झांबियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध दोन आणि नॉर्वेविरुद्ध एक असे ५ गोल करून तिने सर्वाधिक गोलांचा 'गोल्डन बूट' मिळवला. ज्या स्पेनला जपानने गटात ४-० ने हरवले, तोच संघ पुढे विश्वविजेता झाला. बारा वर्षांपूर्वी सावानेही ५ गोल करून हाच मान मिळवला होता. स्पर्धेनंतर मियाझावा इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडकडे गेली. जो संघ एका आपत्तीत संपल्यात जमा होता, त्याच्या जर्सीतून जगातील सर्वाधिक गोल करणारी खेळाडू घडली.

आपण काय घ्यावे?

ही कहाणी वाचून प्रत्येक मुलीला फुटबॉलपटू करायचे, असे कोणी म्हणणार नाही. पण काही गोष्टी घरात बसून बोलण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट शाळेची. सामेशिमा आणि कुमागाई एकाच शाळेतून आल्या, हा योगायोग नव्हता. त्या शाळेने मुलींच्या खेळाकडे गांभीर्याने पाहिले. आपल्या गावातील किती शाळांत मुलींना खेळाचा तास खऱ्या अर्थाने मिळतो? मैदान मुलांसाठी आणि मुलींसाठी फक्त वर्गखोली, असे तर होत नाही ना? पालकसभेत हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट आधाराची. मारीझेच्या मुलींमध्ये गुणांची कमतरता नव्हती. पण त्यांचे घर, पगार आणि खेळ एकाच दाराशी बांधलेले होते. ते दार बंद झाले आणि सगळेच गेले. आपल्या मुली शिकतात, शिवणकाम करतात, दुकान सांभाळतात, स्पर्धा परीक्षा देतात. त्यांच्या नावावर काय आहे? त्यांच्या कामाचा करार, त्यांचे बँक खाते, त्यांचे प्रमाणपत्र त्यांच्या हातात आहे का? शाबासकी जरूर द्यावी, पण तिच्यासोबत हे कागदही द्यावेत.

तिसरी गोष्ट लग्नानंतरची. आई झाल्यावरही इवाशिमिझू खेळू शकली, कारण तिच्यामागे क्लब उभा राहिला. आपल्याकडे हुशार सुनेचे शिक्षण किंवा नोकरी बाळंतपणानंतर थांबते, तेव्हा कारण बहुधा एवढेच असते की मूल दोन तास कोण सांभाळणार. नियम न करताही सासू, नणंद, दीर आणि नवरा हा प्रश्न घरातच सोडवू शकतात.

जे-व्हिलेजचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. कामगारांच्या खोल्या उतरवण्यात आल्या, खडी काढली गेली, जमीन साफ करून पुन्हा गवत लावण्यात आले. २०१८ मध्ये ते अंशतः आणि एप्रिल २०१९ मध्ये पूर्णपणे सुरू झाले. २५ मार्च २०२१ रोजी तोक्यो ऑलिंपिकच्या मशालीचा जपानमधील प्रवास तिथूनच निघाला. करोनामुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. पहिली मशाल हाती घेऊन धावल्या त्या २०११ च्या विश्वविजेत्या संघातील महिला. आज त्या मैदानांवर पुन्हा शाळकरी मुलेमुली खेळायला येतात.